पुनर्विकासात घर सोडताना बंदूक ‘भावाकडे ठेवा’ हा सल्ला कृपया कोणी देऊ नका

एरंडवणे_बाराबोर

आमच्या भागातल्या एका गटात काल एकाने विचारलं: इमारत पाडणार, दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची आहेत, एक डबल बॅरल बंदूक आणि कानपूरच्या कारखान्यातलं .३२ रिव्हॉल्वर आहे, काय करू? त्यावर सगळ्यात जास्त अंगठे मिळालेलं उत्तर हे: “जमा करायच्या भानगडीत पडू नका, गंज खाऊन परत मिळते. गावाला भावाकडे ठेवा, नाहीतर गादीत गुंडाळून सामानाबरोबर न्या. कोण बघतंय?”

वाचून संताप आला. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराण्याच्या नाही. भावाकडे परवाना नसेल तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली भाऊ बेकायदा हत्यार बाळगल्याबद्दल अडकतो आणि तुम्ही ते त्याच्या हाती दिल्याबद्दल. भाऊ गरीब स्वभावाचा आहे, देवघराच्या मागे कुलपात ठेवतो, याने काही फरक पडत नाही.

गादीत गुंडाळणं तर त्याहून वाईट. घर हलवण्याच्या दिवशी दारं सताड उघडी, हमाल आत-बाहेर, कुठल्या खोक्यात काय आहे हे घरच्यांनाच माहीत नाही. टेम्पो संध्याकाळी पोहोचला नाही तर सामान रात्रभर टेम्पोवाल्यांच्या गोदामात. तुमचं हत्यार त्या रात्री कोणाच्या ताब्यात होतं, याचं उत्तर तुमच्याकडे असणार आहे का?

आणि भाड्याच्या घरात ठेवणार कुठे? जुन्या घरात तिजोरी भिंतीला बोल्ट मारून बसवलेली असते. घरमालक इथे कॅलेंडरला खिळा मारू देत नाही. न जखडलेली छोटी तिजोरी चोर कुलूप न फोडता अख्खी उचलून नेतो. बँकेचा लॉकर सुचवणाऱ्यांनी आपला करार एकदा वाचावा, शस्त्रं आणि स्फोटकं ठेवायला त्यात मनाई असते.

सामान बांधायला सुरुवात होण्याआधी हत्यार घराबाहेर गेलं पाहिजे. सुरक्षित ठेवीची परवानगी असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे, नाहीतर पोलीस ठाण्यात. पावतीवर हत्यार कोणत्या कंपनीचं, बोअर (नळीचं माप), हत्याराचा क्रमांक, काडतुसांची संख्या, सगळं. पत्ता बदलल्याचं ३० दिवसांत जुन्या आणि नव्या दोन्ही परवाना अधिकाऱ्यांना कळवायचं. कोथरूडहून वाकडला गेलात तर पोलीस आयुक्तालयच बदलतं, २०१८ पासून पिंपरी-चिंचवड वेगळं आहे. ‘पुण्यातल्या पुण्यातच तर आहे’ म्हणून गप्प बसू नका.

कातळसडा

शहरातल्या लोकांना सगळं सोपं दिसतं. ‘पोलीस ठाण्यात जमा करा’ असं लिहिताना त्या खोलीत कधी डोकावलात का? आमच्या आजोबांची सिंगल बॅरल शेतसंरक्षणाची. तालुक्याच्या ठाण्यात पावसाळाभर पडली, परत आणली तेव्हा नळीत आतून गंजाचे खड्डे. तेल कोणी लावायचं, असं विचारलं तर म्हणाले, आम्ही काय तुमच्या बंदुकीचे नोकर आहोत का. कोकणातला पाऊस काय करतो ते तुमका काय ठाऊक!

तुम्ही ज्याला शिव्या घालताय त्याने ‘गंज खाऊन परत मिळते’ लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे.

आणि आम्हाला घर बदलावं लागत नाही, तरी दर निवडणुकीला जमा करावीच लागते. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली ती ४ जूनला निकाल लागेपर्यंत. म्हणजे काजू आणि आंब्याचा अख्खा हंगाम. मग १५ ऑक्टोबरला विधानसभेची, म्हणजे भात कापायला आलेलं. माकडं आणि डुकरं आचारसंहिता पाळतात का? मी मारायला नाही, बार उडवायला बंदूक ठेवतो. आवाजाने कळप पांगतो, एवढंच.

एरंडवणे_बाराबोर

विषय घर बदलण्याचा आहे, निवडणुकीचा नाही. गंजाचं मान्य, म्हणूनच मी विक्रेत्याचं नाव आधी घेतलं. पोस्ट नीट वाचा.

कातळसडा

माझ्या गावापासून परवानाधारक विक्रेता किती लांब आहे ते बघा आणि मग नीट वाचायला सांगा.

निवृत्त_फौजदार

मी नोकरीत मुद्देमालाची खोली सांभाळलेली आहे, म्हणून बोलतो. तिथे गुन्ह्यातल्या वस्तू, बेवारस गाड्यांचे भाग, दारूचे कॅन, सगळं एकाच छताखाली असतं. हवा खेळत नाही. मुद्देमाल कारकून एकटा. प्रत्येक हत्याराला तेल लावणं त्याला शक्य नाही, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याच्या हत्याराला हात लावायची त्याला भीतीही असते. उद्या मालक म्हणेल माझा घोडा ढिला केला.

म्हणून काळजी देणाऱ्याने घ्यायची. नळी साफ करून आतून-बाहेरून तेलाचा पातळ हात द्या. डबल बॅरल असेल तर नळी आणि दस्ता सुटे करून द्या. चामड्याच्या म्यानात देऊ नका, चामडं ओल धरतं आणि तिथेच गंज सुरू होतो. नळीच्या तोंडात कापूस कोंबायची सवय पुष्कळांना आहे, तोही ओल शोषतो. पावतीवर ‘सुस्थितीत, गंज नाही’ असं लिहून घ्या आणि समोरच फोटो काढा. जमा केल्यावर मधूनमधून जाऊन अर्ज देऊन साफ करायची परवानगी मागा. आम्ही देत असू.

कातळसडा, तुमच्या ठाण्यातला माणूस जे बोलला ते चुकीचंच. पण त्यावरून भावाकडे ठेवा म्हणणं म्हणजे गंज वाचवायला जाऊन भावाला कोठडी दाखवणं.

कातळसडा

मी कुठे म्हटलं भावाकडे ठेवा? आणि फौजदारसाहेब, तुम्ही परवानगी देत असाल, आमच्याकडे आचारसंहितेत खोलीची किल्ली कोणाकडे आहे हेच सांगत नाहीत. शिवाय जमा सगळ्यांच्याच का घेता? २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरसकट जमा करून घेण्याविरुद्ध निकाल दिला. छाननी समिती बसवा, जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, दंगलीत नाव आलेले, अशांचा विचार करा, बाकीच्यांना का त्रास? तरी दर वेळी पोलीस पाटील दारात.

निवृत्त_फौजदार

निकाल मला माहीत आहे. कागदावर समिती असते. प्रत्यक्षात मतदानाला थोडे दिवस उरलेले असतात, तालुक्यात शेकड्यांनी परवाने. एकेकाची छाननी करण्यापेक्षा सगळ्यांची घेऊन टाकलेली अधिकाऱ्याला बरी वाटते. एखाद्या गावात बार उडाला तर जबाबदार तोच. चूक आहे, पण त्याची बाजूही बघा.

कातळसडा

बघितली. माझं भात बघायला कोण येणार?

डोंबिवलीची_लेक

इथे सगळे पुरुष बंदुकीच्या तब्येतीची चर्चा करतायत. मी माणसांबद्दल लिहिते.

आमची चाळ पाडायला घेतली तेव्हा सासऱ्यांचं रिव्हॉल्वर लोखंडी कपाटाच्या चोरकप्प्यात होतं. घरी कोणाला न सांगता. सामान उचलणाऱ्यांनी कपाट आडवं केलं, कप्पा उघडला आणि रिव्हॉल्वर जिन्यात पडलं. खालच्या पायरीवर शेजाऱ्यांचा मुलगा उभा होता. त्याने उचललं, त्याला वाटलं खेळण्यातलं. सासरे वरून ओरडले, मुलगा घाबरून ते हातात धरूनच पळाला. रिव्हॉल्वरच्या सहाही घरांत काडतुसं होती. काही झालं नाही, म्हणून आज मी हे लिहू शकतेय. सासरे त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन जमा करून आले, आणि परत कधीच आणायला गेले नाहीत.

त्यामुळे तेल, कापूस, चामडं हे सगळं नंतर. नळी गंजली तर गंजू दे.

कातळसडा

ताई, वाचून अंगावर काटा आला. पण भरलेलं हत्यार कपाटात ठेवणं ही तुमच्या सासऱ्यांची चूक, जमा न करण्याची नाही. रिकामं करून काडतुसं वेगळी ठेवली असती तर?

डोंबिवलीची_लेक

तरी ते मुलाच्या हातात आलं असतं. रस्त्यावरच्या माणसाला रिकामं आहे हे कसं कळणार? आणि ‘चूक सासऱ्यांची’ हे मला शिकवू नका. चाळीस वर्षं सांभाळणारा माणूस शिफ्टिंगच्या एका सकाळी चुकला, हेच मी सांगतेय.

रेंजवरचा

एक बाजू राहून गेली. आम्ही स्पर्धेतले नेमबाज. जमा करा म्हणता, आमचा सराव रोजचा. तीन वर्षं विक्रेत्याकडे ठेवून स्पर्धा कशी खेळायची? पुष्कळ रेंजना स्वतःचं शस्त्रागार असतं, तिथे ठेवून तिथेच सराव करता येतो. सगळ्यांना एकच उपाय सांगू नका. ज्यांची फक्त .१७७ बोअरची एअर रायफल आहे, २० ज्यूलच्या आतली, त्यांना तर परवानाच लागत नाही. तरी घरमालकाला आधी सांगा, नाहीतर तो पोलीस बोलावतो.

एरंडवणे_बाराबोर

रेंजच्या शस्त्रागाराचा मुद्दा बरोबर, पण रेंजकडे तशी परवानगी आहे का हे लेखी घ्या. एअर रायफलसाठी हा धागा नाही.

ज्यांना वाटतंय की विक्रेत्याकडे फुकट काम होतं, तसं नाही. तो महिन्याचे पैसे घेतो, आणि आधी दर लेखी ठरवला नाही तर परत घेताना वाद होतो. माझ्या ओळखीतल्या एकाला एका विक्रेत्याने इतकी रक्कम सांगितली की जुनी बंदूक त्यालाच विकावी लागली. तरीही मी विक्रेताच सुचवीन. त्याचा धंदाच हत्याराच्या निगेवर चालतो. आणि ठेव असताना परवान्याची मुदत संपू देऊ नका. आता मुदत पाच वर्षांची आहे, माणूस विसरतो. परवाना संपला की ते परत मिळवायला नुसती पावती पुरत नाही.

सातारी_वारस

आमच्याकडे वडील गेले, घर विकायला काढलं, आम्ही तिघं भाऊ तीन गावांत. बंदूक कोणाची हेच ठरेना. ठाण्यात जमा केली, मी वारस म्हणून परवान्याचा अर्ज केला. लोक समजतात, बापाची आहे म्हणजे आपली. परवाना मिळेपर्यंत ती आपली नाही, आणि ठरलेल्या मुदतीत हालचाल केली नाही तर सरकारजमा होऊ शकते. भावाभावांच्या भांडणात आमची जायची वेळ आली होती.

कातळसडा

ठीक आहे. टेम्पोतून न्यायची नाही, भावाकडे ठेवायची नाही, एवढं मान्य. ताईंचं वाचल्यावर वाद घालत बसणार नाही. पण एरंडवणेकर, तुमच्या शहरात तुम्ही तीन वर्षं बंदुकीविना राहिलात तर तुमचं काही अडणार नाही. माझं एका रात्रीत भात जातं. शेतसंरक्षणाचा परवाना तुमच्याच सरकारने दिला, तो ऐन हंगामात कुलपात ठेवायचा असेल तर दिला कशाला?

निवृत्त_फौजदार

त्यासाठी आचारसंहिता लागण्याआधीच जिल्हाधिकाऱ्यांकडे छाननी समितीच्या नावाने अर्ज करा. सातबारा जोडा, नुकसानीचे पंचनामे जोडा, तुमच्यावर गुन्हा नाही हे लिहा. पोच घ्या. नकार आला तर तो लेखी मागा. लेखी नकार हातात असल्याशिवाय वकील काही करू शकत नाही.

कातळसडा

पंचनाम्याला तलाठी येतो तोपर्यंत डुकरं शेजारच्या मळ्यात पोहोचलेली असतात. तरी अर्ज करतो. मसुदा असेल तर इथे टाका, आमच्या वाडीत परवानेवाले बरेच आहेत.