सकाळी वर्ग, दुपारी शहर: परदेशी शिकतानाचा तुमचा एक दिवस

परदेशात शिकायला गेलं की भटकंती बहुधा सुट्टीवर ढकलली जाते आणि सुट्टीत शहरं नुसती उरकली जातात. माझं मत असं की खरं बघणं होतं ते वर्ग सुटल्यावर, त्याच दिवशी, डोक्यात सकाळचा विषय घोळत असताना. तुमचाही असा एखादा दिवस असेल तर लिहा. स्थळांची यादी नको. एकच जागा सांगा, पण नीट सांगा. सुरुवात मी करते.

जर्मनीत ग्योटिंगेनला मी भौतिकशास्त्र शिकत होते. तिथे दहाचा तास सव्वादहाला सुरू होतो. ही पंधरा मिनिटांची सवलत विद्यापीठाच्या जुन्या रिवाजातली. त्या सकाळी पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) होती. स्थान आणि संवेग (मोमेंटम) यांच्या गुणाकाराचा क्रम उलटा केला की उत्तर बदलतं, आणि तो फरक प्लांकच्या स्थिरांकात मोजला जातो, हे सरांनी फळ्यावर मांडलं. मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, जेवले आणि थेट शहराच्या दफनभूमीकडे निघाले. तिथे आठ नोबेलविजेते चिरविश्रांती घेत आहेत. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्नच्या थडग्यापाशी थांबले, तर दगडावर सकाळचंच समीकरण कोरलेलं! मी वही काढली आणि एकेक चिन्ह ताडून पाहिलं. जवळच मॅक्स प्लांक, रसायनशास्त्रज्ञ ओटो हान आणि गणितातला हिल्बर्ट. हिल्बर्टच्या दगडावर त्याचंच वाक्य आहे: आपल्याला कळलं पाहिजे, आपल्याला कळेल. परीक्षेआधी धीर हवा असला की मी तिकडे फेरी मारायचे.

•

वरचा अनुभव वाचून राहवलं नाही. मी लंडनमध्ये सार्वजनिक आरोग्य शिकत होतो. आमची इमारत ब्लूम्सबरीत, केपेल स्ट्रीटवर. तिच्या सज्जांवर डास, पिसू, उवा असे रोग पसरवणारे जीव सोनेरी मुलामा देऊन बसवले आहेत. रोज येता-जाता दिसायचे.

साथरोगशास्त्राच्या तासाला लंडनच्याच सोहो भागातली 1854 सालची कॉलऱ्याची साथ शिकवली. डॉक्टर जॉन स्नोने घरोघरचे मृत्यू नकाशावर मांडले आणि सगळा रोख ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाकडे गेला. वर्ग सुटला आणि आम्ही काही जण चालतच निघालो. रमतगमत अर्धा तास लागतो. त्या रस्त्याला आता ब्रॉडविक स्ट्रीट म्हणतात. तिथे पंपाची प्रतिकृती उभी आहे, आणि तिला मुद्दाम दांडा ठेवलेला नाही, कारण 8 सप्टेंबर 1854 रोजी दांडाच काढला होता.

तिथे उभं राहिल्यावर अंतरं कळली. नकाशावर जी दारूभट्टी दिसते ती याच रस्त्यावर होती, तरी तिथले कामगार वाचले, कारण ते बिअर प्यायचे आणि भट्टीला स्वतःची विहीर होती. पोलंड स्ट्रीटच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमाचंही तसंच. पंप हाकेच्या अंतरावर आणि मृत्यू मात्र मोजके! 'अपवाद तपासा, तिथेच पुरावा असतो' असं आमच्या बाई सांगत. ते मला त्या फुटपाथवर पटलं. दांडा काढण्याआधीच साथ ओसरू लागली होती, हेही स्नोने स्वतः मान्य केलं होतं. त्याच्याबद्दलचा माझा आदर त्यामुळे जास्तच वाढला.

•

मी थोडं वेगळं सांगते. पॅरिसमध्ये मी संख्याशास्त्र शिकत होते आणि दुपारी मला त्याचा मागमूसही नको असायचा. फ्रान्समध्ये राहणाऱ्या 26 वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना लूव्र संग्रहालयात तिकीट लागत नाही, निवासाचा परवाना दाखवला की झालं. त्यामुळे एका फेरीत सगळं बघायचा हट्ट उरत नाही. एकदा पूर्ण दुपार मी फक्त सामोथ्रेसच्या विजयदेवतेच्या पुतळ्यासमोर काढली. डोकं नाही, हात नाहीत, तरी जहाजाच्या पुढच्या टोकावर उतरलेली ती बाई समोरच्या वाऱ्याला भिडलेली दिसते. पोटावर चिकटलेलं वस्त्र पाहा, दगड आहे हे विसरायला होतं. मंगळवारी मात्र लूव्र बंद असतं.

•

जपानमधलं क्योतो. विषय जलअभियांत्रिकी. सकाळच्या तासाला बिवा सरोवराचा कालवा शिकवला. राजधानी तोक्योला गेल्यावर क्योतोला उतरती कळा लागली, तेव्हा शेजारच्या सरोवराचं पाणी डोंगर फोडून शहरात आणायचं ठरलं. हे काम तानाबे साकुरो या तरुणाकडे आलं. त्याच्या पदवीच्या प्रबंधाचा विषयच हा कालवा होता! 1890 मध्ये कालवा पुरा झाला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या पाण्यावर केआगेचं वीजकेंद्र सुरू झालं.

दुपारी मी गिंकाकुजी मंदिरापासून 'तत्त्वज्ञांच्या वाटे'ने निघालो. आमच्याच विद्यापीठातले प्राध्यापक निशिदा कितारो इथे चिंतन करत फिरायचे, त्यावरून हे नाव पडलं. लोक चेरीच्या फुलांसाठी येतात. मी पाण्याकडे बघत होतो. शहरातली कामो नदी दक्षिणेला वाहते आणि वाटेलगतचा कालव्याचा हा फाटा उत्तरेला. उतार किती बारीक हिशेबाने राखला असेल! पुढे नानझेनजी मंदिराच्या आवारात विटांच्या कमानींवरून तेच पाणी जातं. बाजूच्या चढावरून वर गेलात तर ते वाहताना दिसतं. प्रबंध लिहीत असलेल्या प्रत्येकाने ते पाहावं असं मला मनापासून वाटतं.

जायचं असेल तर केआगेजवळचं कालव्याचं संग्रहालय चुकवू नका. प्रवेश मोफत आहे, सोमवारी बंद असतं. आधी संग्रहालय आणि मग कमानी असा क्रम ठेवा, म्हणजे काय बघतोय ते कळतं.