नेट कंपनी बदलल्यापासून रिमोट डेस्कटॉप लागत नाही

हिशेबनीस_नाशिक
नाशिकच्या ऑफिसातला टॅलीचा पीसी (विंडोज ११ प्रो) पुण्याच्या घरून रिमोट डेस्कटॉपने वापरायचो. डायनॅमिक डीएनएसचं नाव (आयपी बदलला तरी तेच राहणारं) टाकलं की लागायचा. नवं फायबर आल्यापासून लागत नाही. नव्या राउटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट त्या पीसीला (१९२.१६८.१.५०) फॉरवर्ड केलाय, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी त्याच्याकडे वळवलीय. त्याच पीसीवर एनीडेस्क (दुरून पीसी वापरायचं दुसरं अ‍ॅप) मात्र व्यवस्थित चालतं. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) १००.७२.१४.९ दिसतो. कुठे अडतंय?

नेटजोडणी
त्या वॅन आयपीतच उत्तर आहे. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हे पत्ते कंपनीच्या सीजीनॅटसाठी राखलेले असतात. सीजीनॅट म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला. बाहेरून आलेली जोडणी कंपनीच्या नॅटपाशीच थांबते, तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. मग राउटरमध्ये काहीही फॉरवर्ड करा, उपयोग शून्य. एनीडेस्क चालतं, कारण तिथे पीसी स्वतःहून बाहेरच्या सर्व्हरला जोडतो. खात्री करायची तर ऑफिसच्या ब्राउझरमध्ये स्वतःचा आयपी बघा, वॅन आयपीपेक्षा वेगळाच दिसेल.

हिशेबनीस_नाशिक
हो, वेगळा आहे. मग स्टॅटिक आयपी (स्वतःचा, न बदलणारा पब्लिक आयपी) घ्यावा का?

नेटजोडणी
कंपनीकडून मिळतो, पण फक्त यासाठी घेऊ नका. ३३८९ थेट इंटरनेटवर उघडा ठेवला की पासवर्ड फोडणारे बॉट दिवसरात्र धडका मारतात. जुन्या कनेक्शनवरही तो धोका होताच. दोन्ही पीसींवर टेलस्केल (पीसींना इंटरनेटवरून खाजगी नेटवर्कमध्ये जोडणारं अ‍ॅप) टाका, एकाच खात्याने लॉगिन करा आणि ऑफिसच्या पीसीला तिथे मिळालेला पत्ता रिमोट डेस्कटॉपमध्ये भरा. तोही १०० नेच सुरू होतो, पण वॅन आयपीशी त्याचा संबंध नाही. राउटरमधलं फॉरवर्डिंग काढून टाका.

दोन सेटिंग्ज हमखास राहतात. ऑफिसच्या पीसीवर टेलस्केलच्या प्रेफरन्सेसमध्ये 'रन अनअटेंडेड' चालू करा, नाहीतर वीज जाऊन पीसी परत सुरू झाला की कुणीतरी लॉगिन करेपर्यंत तो सापडणार नाही. आणि टेलस्केलच्या अ‍ॅडमिन पानावर त्या मशीनची 'की एक्स्पायरी' (लॉगिनची मुदत) बंद करा. मुदत मुळात १८० दिवसांची असते, ती संपली की ऐन कामाच्या दिवशी कुणालातरी ऑफिसात जाऊन पुन्हा लॉगिन करावं लागतं.

लॅनवाले
त्याआधी ऑफिसातल्याच दुसऱ्या पीसीवरून १९२.१६८.१.५० ला रिमोट लागतो का बघा. राउटर बदलला की विंडोज त्याला नवं नेटवर्क समजतं आणि बहुधा 'पब्लिक' ठरवतं. फायरवॉलमध्ये रिमोट डेस्कटॉपला फक्त 'प्रायव्हेट'वर परवानगी असेल तर आतूनही लागणार नाही. नेटवर्क 'प्रायव्हेट' करा. पीसीचं स्लीपही बंद ठेवा, झोपलेल्या मशीनला टेलस्केल उठवत नाही.

हिशेबनीस_नाशिक
नेटवर्क 'पब्लिक'च होतं, बदललं. टेलस्केलवरून पुण्याहून टॅली उघडलं, घरचा प्रिंटरही दिसतोय. ३३८९ चं फॉरवर्डिंग काढलं. मनापासून आभार.