ऑटिस्टिक भावासाठी श्वानथेरपी: मोठ्यांना उपयोग होतो का?

ताई_औंध: भाऊ २९ वर्षांचा, ऑटिस्टिक. घरून डेटा एन्ट्री करतो. बसमध्ये गर्दी वाढली की मधल्याच स्टॉपवर उतरतो, पण गल्लीतल्या लाल्या कुत्र्याशी तासभर गप्पा मारतो. श्वानथेरपीबद्दल, म्हणजे शिकवलेल्या कुत्र्यासोबतच्या उपचार सत्रांबद्दल, विचारलं की सगळीकडे ‘लहान मुलांसाठी आहे’ हेच उत्तर. कुणाला माहिती आहे?

मानसी_के: ताई, मोठ्यांवरही अभ्यास झालाय. नेदरलँड्समध्ये ५३ प्रौढांवरचा, २०२० साली छापून आलेला. आठवड्याला एक तास, अशी १० सत्रं. ताण कमी झाला, गर्दीच्या जागांची भीतीही. अभ्यास छोटा आहे, पण तुमच्या बसच्या प्रश्नाला थेट लागू पडतो.

श्वानमित्र: मी सत्रांना माझी लॅब्रेडॉर घेऊन जातो. नुसतं कुरवाळणं म्हणजे थेरपी नव्हे, सोबत प्रशिक्षित थेरपिस्ट हवाच. आपण ताठ उभं राहून चढ्या आवाजात बोलावलं तर ती मागे सरते, खांदे सैल सोडले की येते. माणसांचे चेहरे वाचणं जड जाणाऱ्याला हे उत्तर स्वच्छ दिसतं. ती सारखी जांभया द्यायला, ओठ चाटायला लागली की मी सत्र थांबवतो. तिचाही ‘नको’ ऐकायलाच हवा! भावाला ओला जिभेचा स्पर्श, भुंकणं, वास चालतो का, हे आधी त्यालाच विचारा.

ताई_औंध: विचारलं. चाटलेलं अजिबात नको, भुंकणं चालेल म्हणाला. दादा, न चाटणारी शिकवलेली कुत्री मिळतात का?

श्वानमित्र: मिळतात. पहिल्या भेटीआधीच सांगून ठेवा.