शब्दचर्चा: इमारत, फर्निचर आणि साहित्य यांचं 'ऐक्य'?

गिरणाकाठ
जळगावात विद्यार्थ्यांचं आधुनिक वास्तुरचनेवर एक छोटं प्रदर्शन आहे. फलकांचा मराठी मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. एका फलकाला मी शीर्षक दिलं, 'इमारत, फर्निचर आणि साहित्य यांचे ऐक्य'. तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "यात कविता कुठंय?" आणि 'ऐक्य' वाचून त्यांना निवडणुकीचं पत्रक आठवलं म्हणे.

फलकावर तीन वास्तू आहेत. बार्सिलोनातला १९२९ चा जर्मन मंडप, मीस फान डेर रोह आणि लिली राइश यांचा. फिनलंडमधलं पायमिओचं क्षयरुग्णालय, आल्व्हार आल्टोचं, १९३३ चं. आणि कोपनहेगनमधलं आर्ने याकोबसेनचं हॉटेल, १९६०. त्यात इमारतीपासून दाराच्या मुठीपर्यंत आणि जेवणाच्या काट्याचमच्यांपर्यंत सगळं त्यानेच आखलं. या गोष्टीला मराठीत काय म्हणावं? 'साहित्य' आणि 'ऐक्य' दोन्ही बदलायचेत.

शुद्धमती
'ऐक्य' बदलून 'एकात्मता' करा. पण खरा काटा 'फर्निचर'चा आहे, तो कुणालाच टोचत नाही. 'उपस्कर' हा चांगला शब्द असताना परकीय शब्दाचं ओझं कशाला? 'साहित्य'ऐवजी 'द्रव्य'. वास्तू, उपस्कर व द्रव्य यांची एकात्मता. झालं.

सातपुड्याचा वारा
झालं खरं. लोकांना वाटेल वास्तुशांतीची यादी आहे.

शुद्धमती
हसा. तुमच्यासारख्यांमुळेच 'वास्तुशास्त्र' म्हटलं की लोकांना स्वयंपाकघर आग्नेयेला की ईशान्येला एवढंच सुचतं.

धुळ्याचे मास्तर
'उपस्कर' मी उभ्या नोकरीत कुणाच्या तोंडून ऐकला नाही. शाळेत खुर्च्या, बाकं, कपाटं जातात 'जडवस्तू संग्रह' नोंदवहीत. मुख्याध्यापक बदलला की चार्ज देताना एकेक बाक मोजायचं. पाय मोडलेलं असलं तरी निर्लेखन, म्हणजे वहीतून रीतसर नोंद काढणं, झाल्याशिवाय हलवायचं नाही. गंमत बघा, फर्निचरला जर्मनमध्ये 'म्यॉबेल' आणि फ्रेंचमध्ये 'म्यब्ल' म्हणतात. दोन्हींचं मूळ लॅटिनमधलं, अर्थ 'हलवता येणारं'. ते म्हणतात जंगम, आपण म्हणतो जड! गिरणाकाठ, तुमचा फलक म्हणजे स्थावर आणि जंगम यांचं लग्न आहे.

रावेरची मुलगी
मास्तर, ही स्थावर-जंगमाची वाटणी आमच्या घरात भलतीच अवघड गेली होती. घर जुनं, धाब्याचं. भिंती हातभर जाड, त्यातच फडताळ, कोनाडे, दिव्याची देवळी, खुंट्या. विकत आणलेलं 'सामान' म्हणाल तर दोन खाटा, एक पेटी आणि झोपाळा. काका-बाबा वेगळे झाले तेव्हा खाटा-भांडी वाटली, पण फडताळाचं काय? ठरलं असं, की ज्याच्या वाटणीला खण, त्याचं फडताळ. म्हणजे आमच्याकडे फर्निचर भिंतीतच जन्मलेलं. याला कुणी शब्द दिला नव्हता, कारण वेगळं काढून दाखवायची वेळच आली नव्हती.

सातपुड्याचा वारा
ताई, शब्द तुम्हीच देऊन गेलात. खण! दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण, 'तीन खणांचं घर'. टेबलाचा खण. चोळीचा खण. इमारत, फर्निचर आणि कापड, तिन्ही एकाच शब्दात. जर्मनांना जमलं असतं का?

शुद्धमती
चोळीचा खण आणि घराचा खण एकाच मुळाचे आहेत याला आधार काय? उच्चार सारखा म्हणून नातं जोडायचं तर 'पाट' बसायचा, 'पाट' कालव्याचा आणि 'पाट' दुसऱ्या लग्नाचा. मांडा मग सिद्धांत.

सातपुड्याचा वारा
कापलेला तुकडा तो खण, आखलेली जागा ती खण. माझ्यापुरतं नातं पक्कं आहे. तुमची सही नको.

गिरणाकाठ
मंडळी, 'खण' सुंदर आहे पण फलकावर चालणार नाही. एका मित्राने 'एकजिनसी' सुचवलंय.

चाळीसगावकर
एकजिनसी नको. डाळीच्या व्यापारात माझं अर्धं आयुष्य गेलं. एकजिनसी माल म्हणजे एकाच जातीचा, भेसळ नसलेला. बार्सिलोनाच्या मंडपात ट्रॅव्हर्टाइनचा दगड आहे, हिरवा संगमरवर आहे, ऑनिक्स दगडाची भिंत आहे, काच आहे, क्रोमचे खांब आहेत. पाच जिनसा आणि म्हणे एकजिनसी! तिथल्या खुर्चीचे पाय खांबांसारखेच चकचकीत पोलादी, तरी गादी चामड्याचीच.

रावेरची मुलगी
मग 'एकजीव'?

चाळीसगावकर
पिठलं एकजीव होतं. त्यात बेसन कुठलं, पाणी कुठलं हे ओळखू येत नाही. इथे ऑनिक्स ऑनिक्सच राहतो, म्हणून तर बघायला जायचं.

नवापूरचा मिस्तरी
आमच्या धंद्यात यासाठी शब्द आहे. वडील सुतारकाम करायचे, जुन्या वाड्याचा दरवाजा, तुळई आणि झोपाळ्याची कडीपाटी बघून म्हणायचे, "काम एकहाती शे." एकाच हाताचं, एकाच सागाचं. पायमिओची खुर्ची मी फोटोत बघितली. बर्चचं प्लायवूड वाकवून केलेली, पाठ अशी कललेली की क्षयाच्या पेशंटला श्वास मोकळा घेता यावा. हात धुवायचं बेसिनसुद्धा पाण्याचा आवाज होऊ नये असं बनवलंय, शेजारचा झोपला असेल तर. हे एकहाती नाही तर काय?

धुळ्याचे मास्तर
जिभाऊ, शब्द अस्सल आहे. पण पेपरवाल्यांनी त्याची 'एकहाती सत्ता' करून टाकली. दुसरं असं, की ते खरंही नाही. मंडपाच्या खुर्चीत लिली राइशचा वाटा होता, पायमिओत आल्व्हारची बायको आयनो आल्टोचा. चंदीगडच्या सागवान-वेताच्या खुर्च्यांवर नाव वास्तुकार पिएर जानरेचं लागतं, पण सोबत वास्तुकार युली चौधरी होत्या, इतरही होते. 'एकहाती' म्हटलं की हे हात पुसले जातात. आणि त्याच खुर्च्या आपल्याकडे भंगारात निघाल्या, तर परदेशात लिलावात लाखोंना गेल्या. म्हणून सांगतो, निर्लेखन जपून करा!

नवापूरचा मिस्तरी
सर, सुताराचं 'एकहाती' म्हणजे एक माणूस नव्हे. बाप, मुलगा, पुतण्या मिळून काम करतात, पण रंधा एका शिस्तीने चालतो. पेपरवाल्यांनी बिघडवलं म्हणून आम्ही सोडायचं का?

शुद्धमती
हे मात्र मान्य. वापरा 'एकहाती'. पण 'फर्निचर' काढा.

चाळीसगावकर
ताई, घरी सोफ्याला काय म्हणता?

शुद्धमती
सोफा. तो वेगळा मुद्दा आहे.

सातपुड्याचा वारा
मघापासून एक डोक्यात घोळतंय. वर धाब्याचा विषय निघाला. 'नियम धाब्यावर बसवणे' हे याच धाब्यावरून आलं ना? मातीचं सपाट छप्पर, कामात नसलेलं सगळं वर नेऊन ठेवायचं.

रावेरची मुलगी
कामात नसलेलं कसं? पापड, कुरडया, मिरच्या सगळं धाब्यावर. उन्हाळ्यात अख्खं गाव झोपायचं तिथे.

चाळीसगावकर
माझ्या मते धाब्यावर बसवलेला माणूस खालच्यांना दिसत नाही, म्हणून अर्थ 'दुर्लक्ष'. हायवेच्या ढाब्याशी घोळ करू नका.

गिरणाकाठ
फलक उद्या छापायला जातोय हो. तूर्त 'एका हातची घडण: वास्तू, फर्निचर, दगड-लाकूड-पोलाद' असं केलंय. 'साहित्य' गेलं, त्यामुळे मॅडम खूश. 'एकहाती'चं 'एका हातची' केलं, ते मिस्तरींना चालेल का?

नवापूरचा मिस्तरी
नाही चालणार. त्याने पुन्हा एक माणूसच झाला.

धुळ्याचे मास्तर
धाब्यावर पांढरी माती घालायचे, गावठाणातली. पावसाळ्याआधी थर बदलायचा, नाहीतर गळती.

रावेरची मुलगी
पांढरी नाही, खारी. आमना गावमा खारीच म्हंतस.

धुळ्याचे मास्तर
खारी वेगळी, पांढरी वेगळी. नवीन धागा काढा, सांगतो.