पॉलिएस्टर फिल्मवर तांब्याचा थर कसा द्यावा?

प्रश्न (एम. एस्सी. विद्यार्थी, सांगली):
नमस्कार. लिथियम-आयन बॅटरीच्या ऋण बाजूला तांब्याच्या फॉइलऐवजी दोन्ही बाजूंनी तांब्याचा पातळ थर दिलेली पॉलिएस्टर फिल्म वापरता येते, यावर मी प्रकल्प करणार आहे. आमच्या प्रयोगशाळेत स्प्रे पायरोलिसिसची (तापवलेल्या पृष्ठभागावर द्रावण फवारून थर देण्याची) सोय आहे, व्हॅक्यूममध्ये म्हणजे निर्वातात थर देण्याची नाही. त्या पद्धतीने हा थर देता येईल का? शिवाय फॉइल उत्तम चालत असताना मध्ये प्लास्टिक घालून नेमके काय साधते?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, मिरज):
आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण प्रकल्पाचा जीव त्यातच आहे. ८ मायक्रॉनच्या तांब्याच्या फॉइलचे वजन चौरस मीटरला सुमारे ७२ ग्रॅम भरते. साडेचार मायक्रॉनच्या पॉलिएस्टरवर दोन्ही बाजूंना एकेक मायक्रॉन तांबे दिले, तर ते सुमारे २४ ग्रॅमच होते. याहून मोलाची गोष्ट सुरक्षिततेची आहे. आत शॉर्टसर्किट झाले, तर त्या जागचा पातळ थर तुटून किंवा वितळणाऱ्या प्लास्टिकबरोबर मागे सरकून फ्यूजसारखा प्रवाह तोडू शकतो.

स्प्रे पायरोलिसिस मात्र येथे चालणार नाही. त्यासाठी आधारपृष्ठ साधारणतः ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापवावे लागते आणि पॉलिएस्टर २५० ते २६० अंशांच्या आसपास वितळते. शिवाय हवेत फवारणी केली, तर बहुतेक वेळा तांब्याऐवजी तांब्याचे ऑक्साइडच मिळते.

उत्तर (प्लेटिंग व्यावसायिक, कुपवाड):
व्हॅक्यूम नसेल, तर विजेविना होणारे रासायनिक प्लेटिंग करावे. फिल्म गरम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात थोडा वेळ ठेवून पृष्ठभाग खरखरीत करावा, स्टॅनस क्लोराइड व त्यानंतर पॅलॅडियम क्लोराइडच्या द्रावणातून काढावी आणि मग कॉपर सल्फेटच्या बाथमध्ये सोडावी. पातळ थर बसला की वीज देऊन हवी तेवढी जाडी वाढवता येते. खरी मेहनत पहिल्या पायरीवर घ्यावी, कारण गुळगुळीत फिल्मवर बसलेले तांबे पापुद्र्यासारखे निघते. बाथमध्ये बहुधा फॉर्माल्डिहाइड असते, म्हणून काम धुराड्याखालीच (फ्यूम हूडमध्ये) करावे, आणि वापरलेले द्रावण सिंकमध्ये ओतू नये.

प्रतिप्रश्न (विद्यार्थी):
दोघांचेही मनापासून आभार. चिकटपणा तपासायला टेपची चाचणी (टेप चिकटवून ओढल्यावर थर निघतो का, हे पाहणे) पुरेशी होईल का?

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, मिरज):
केवळ कोरडी चाचणी पुरेशी नाही. बॅटरीत ही फिल्म कार्बोनेट द्रावकांत सतत भिजलेली असते, म्हणून नमुना त्या द्रावकांत काही दिवस बुडवून ठेवावा आणि मग टेप लावावी. भिजवण्यापूर्वी व नंतर पृष्ठरोधही, म्हणजे थराच्या चौरस तुकड्याचा विद्युतरोधही मोजावा. एक मायक्रॉन शुद्ध तांब्याचा तो सुमारे ०.०१७ ओहम प्रति चौरस असायला हवा, आणि रासायनिक थराचा यापेक्षा किती जास्त येतो यावरून थराची प्रत कळते. आणखी एक अडचण प्रबंधात जरूर मांडावी: मधले प्लास्टिक वीज वाहत नसल्यामुळे टोकाची (वीज बाहेर नेणारी) पट्टी एका बाजूने जोडून दोन्ही थरांना जोड मिळत नाही, आणि माझ्या मते कारखान्यांना यापुढेही सर्वांत जास्त डोके येथेच चालवावे लागेल.