दव ‘पडतं’ की दव ‘धरतं’?

माझ्या रहस्यकथांच्या मालिकेतलं चौथं पुस्तक परवा लिहून झालं. आधीची तीन पावसाळ्यात घडतात, हे ऐन पौषातलं, पुण्यातलं. गारठा, कडाका, हुडहुडी, काकडणं, कुडकुडणं यांपैकी कशानंच अडवलं नाही. अडलं ते ‘दव पडणे’पाशी, आणि नेमका खुनाचा उलगडा त्यावर आहे.

प्रसंग असा. पाषाणमधली जुनी सोसायटी, पहाटेचे साडेपाच. (पाषाण मुद्दाम घेतलं. पेपरात शिवाजीनगर वेधशाळेचा आकडा येतो. पाषाणला पारा बहुतेक वेळा त्याहून खाली असतो.) आवारात चार स्कूटर, चारही दवानं चिंब. फक्त एका जुन्या चेतकचा उजवीकडचा फुगीर पत्रा, ज्याच्या आत इंजिन असतं, तेवढा कोरडा ठणठणीत. सीटवर मात्र बोट फिरवलं तर रेघ उमटते. गाडी रात्रभर जागची हलली नाही, असं मालक शपथेवर सांगतोय.

हवालदार विचारतो, “साहेब, सगळीकडे दव पडलं, मग इथंच कसं नाही पडलं?” आणि वर बघतो. झाड आहे का, पत्र्याची शेड आहे का. ‘पडलं’ म्हटलं की मान आपोआप वर जाते. पाऊस पडतो, गारा पडतात, तसंच दव. प्रत्यक्षात ते वरून येतच नाही. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री वस्तू निवत जाते आणि भोवतीच्या हवेतली वाफ तिच्यावरच पाणी होऊन बसते. झाडाखालच्या गवतावर दव कमी असतं म्हणून ‘वरून पडतं’ हा समज पक्का होतो. पण फांद्यांच्या आडोशानं ते गवत उघड्यावरच्या इतकं निवलेलं नसतं, एवढंच.

‘दवबिंदू’ वापरावा तर कवितेत तो थेंब आणि शाळेच्या विज्ञानात तापमान. ‘दहिवर’ फार गोड शब्द, पण पोलिसाच्या तोंडी शोभत नाही. गंज धरतो, शेवाळ धरतं, तसं ‘पत्र्यानं दव धरलं नाही’ चालेल का? तुमच्याकडे कसं म्हणतात?

प्रतिसाद:
माझं माहेर जुन्नरकडचं. ‘दव धरलं’ मी कधी ऐकलं नाही, कानाला थोडं घडवलेलं वाटतं. आम्ही पडलं असंच म्हणतो. पण एक सांगते. हरभऱ्याची आंब, म्हणजे पानांवरचं आंबट पाणी, काढायला आई रात्री पिकावर पांढरं फडकं अंथरायची आणि उजाडायच्या आत पिळून घ्यायची. तेव्हा ती दव पडलं का, असं विचारायची नाही. “फडकं भिजलंय का बघ गं,” म्हणायची. बोलणं सगळं फडक्याचं. तुम्हीही पत्र्याचंच बोला ना.

लेखकाचं उत्तर:
ताई, मनापासून आभार. मी दवाला क्रियापद शोधत बसलो होतो आणि कर्ता चुकला होता. ‘धरलं’ काढून टाकलं. हवालदाराचं ‘पडलं’ तसंच ठेवतो, कारण अख्खा महाराष्ट्र तसंच म्हणतो आणि वाचकाची मानही एकदा वर जायला हवीच. इन्स्पेक्टर मात्र आता वर बघत नाही. हातमोजा काढून पत्र्यावर तळवा टेकवतो, जरा थांबतो आणि म्हणतो, “दव सगळीकडे सारखंच होतं रे. हा पत्रा अजून निवलेला नाही.”