मदत हवी आहे: नोंदणी लग्नाची नोटीस आणि पत्त्याचा पुरावा

नमस्कार. आम्ही दोघं पुण्यात नोकरी करतो. मी मूळची नाशिकची, तो साताऱ्याचा. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करायचं ठरलंय. विवाह अधिकाऱ्याला लग्नाची नोटीस जिथे द्यायची त्या जिल्ह्यात दोघांपैकी एकाचं किमान ३० दिवस वास्तव्य हवं, नोटिशीनंतर ३० दिवस थांबायचं, नोटीस दिल्यापासून ३ महिन्यांत लग्न व्हायला हवं आणि ३ साक्षीदार लागतात, इतकं कळलं.

पण माझ्या आधारवर अजून नाशिकचाच पत्ता आहे, आणि त्याच्याकडे फक्त भाडेकरार. तेवढा पुरतो का? नोटिशीची प्रत मूळ जिल्ह्यांतल्या विवाह कार्यालयाच्या फलकावरही लावतात म्हणे. घरच्यांना आम्ही स्वतः सांगणार आहोत, त्यांना ते फलकावरून कळू नये एवढंच मनापासून वाटतं. अलीकडे कुणी केलंय का?